गच्चीवरचा पांढरा थर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

अकोल्यात डाबकी रोडला आमचं घर आहे. खाली भाडेकरू, वर आम्ही. वर म्हणजे थेट स्लॅबखाली. मागच्या वर्षी मार्चमध्ये या स्लॅबवर ऊन परतवणारा पांढरा रंग मारून घेतला. दुकानात त्याला कूल रूफ कोटिंग म्हणतात. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्याने काढला आहे. आता परत ऊन चढायला लागलंय आणि हॉस्पिटलमधल्या मैत्रिणींपासून कोपऱ्यावरच्या किराणावाल्या भाऊंपर्यंत सगळे विचारतायत, "ताई, पैसे वसूल झाले का?" म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते. कंपनीचं नाव देत नाही. तीन-चार कंपन्यांचा माल मी पाहिला, तो जवळपास सारखा आहे. फरक पडतो तो मारणाऱ्या हातात.

मी स्टाफ नर्स आहे. महिन्यातले आठ-दहा दिवस नाईट असते. घरी हे, मुलगा आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई. त्यांचं वय ७८. बीपीची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे, तिच्या जोडीला पायाच्या सुजेसाठी पाण्याची गोळी, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी.

२०२४ चा मे अकोलेकर विसरले नसतील. पारा ४५ च्या वर होता आणि महिन्याच्या शेवटी उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं होतं. आईंची आम्ही सगळी काळजी घेत होतो. सकाळी दहानंतर बाहेर पाय नाही. कैरीचं पन्हं, ताक, जेवणात कांदा, दुपारभर कूलरसमोर खाट. त्याच आठवड्यात एका रात्री साडेतीनला त्या बाथरूमला जायला उठल्या आणि दाराची चौकट धरून खालीच बसल्या. मी घरी होते म्हणून आवाज ऐकला. अंग गरम, जीभ लाकडासारखी कोरडी, नाडी १२० च्या आसपास, बीपी ९०/६०. "मला काही नाही झालं, नुसतं गरगरलं" एवढंच म्हणत होत्या. भरती केलं, सलाईन लावलं, रक्त तपासलं तर सोडियमही उतरलेलं.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी औषधांची चौकशी नंतर केली. पहिला प्रश्न विचारला, "आजी झोपतात कुठे?"

त्या प्रश्नाने मी खरंच हलले. पंचवीस वर्षं रुग्णसेवेत आहे, उष्माघाताचे रुग्ण दर उन्हाळ्यात हाताखालून जातात, आणि स्वतःच्या घरात ऊन म्हणजे दुपार असंच धरून चालले होते. संध्याकाळ झाली की आम्ही सुटकेचा श्वास टाकायचो. आईंना खरा त्रास मात्र संध्याकाळनंतर चालू व्हायचा.

दुसऱ्या रात्री तापमान दाखवणारं घड्याळ त्यांच्या खाटेच्या उशाशी ठेवलं. रात्री अकराला ३८. कूलर बंद असताना पहाटे चारला ३५.५. तेच घड्याळ गच्चीवर नेऊन अर्धा तास ठेवलं तर ३१. बाहेरची हवा निवली होती, आमची झोपायची खोली निवली नव्हती. हवामान खातं उष्ण रात्रीचा इशारा देतं तेव्हा दिवसाचं कमाल तापमान ४० किंवा जास्त आणि रात्रीचं किमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर, असा हिशोब असतो. पण तो बाहेरच्या हवेचा. आपली म्हातारी माणसं ज्या खोलीत निजतात तिथला आकडा आपण पाहिल्याशिवाय कळत नाही.

कारण स्लॅबमध्ये आहे. पाच इंच काँक्रीट दिवसभर ऊन पीत राहतं. वरचा पृष्ठभाग दुपारी दोन-तीनला सगळ्यात तापलेला असतो, पण ती उष्णता खाली झिरपायला काही तास घेते. त्यामुळे खालचं छत सगळ्यात गरम होतं ते दिवेलागणीच्या पुढे, नेमकं आपण अंथरूण टाकतो तेव्हा. पाठीवर निजलं की तोंडावर तव्याची धग येते तसं होतं. वर पंखा त्या छतालाच टांगलेला, तो छताजवळची गरम हवा आपल्याच अंगावर ढकलतो. हवा चाळिशीच्या वर गेली तर पंखा अंग थंड करायच्या ऐवजी तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आणि झोपेचं थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं उकाड्याने फक्त चिडचिड होते. झोप लागायची तर शरीराला आतलं तापमान साधारण एक अंशाने खाली आणावं लागतं. त्यासाठी हातापायांच्या आणि कातडीच्या रक्तवाहिन्या फुलतात, रक्त बाहेरच्या बाजूला येतं, उष्णता हवेत जाते. हवाच गरम असेल तर उष्णता जाणार कुठे? मग हृदय कातडीकडे रक्त ढकलत राहतं, घाम वाहत राहतो, आणि ज्या रात्री हृदयाने विसावा घ्यायचा ती रात्रही त्याची राबण्यात जाते. स्वप्नं पडतात त्या झोपेत तर घाम येण्याची यंत्रणाही मंदावलेली असते, म्हणून त्या टप्प्यात माणूस दचकून जागा होतो. वय झालं की तहान कमी लागते, घाम कमी येतो. त्यात पाण्याची गोळी. सकाळी तोंड धुवायला उठणारं माणूस तोवर सुकलेलं असतं. बोस्टनमध्ये पन्नास वयस्कर माणसांच्या खोल्यांचं तापमान आणि त्यांची झोप कित्येक महिने मोजली होती. २० ते २५ अंशांत झोप सगळ्यात चांगली, २५ वरून ३० वर जाताना ती ५ ते १० टक्क्यांनी खालावलेली. आमच्या खोलीत ३५ होतं.

(आईंची पाण्याची गोळी डॉक्टरांनी उन्हाळ्यापुरती कमी केली. हे डॉक्टरांनी केलं. आपल्या मनाने कुणी गोळ्या कमी-जास्त करू नका, हात जोडून सांगते.)

माझी स्वतःची गोष्टही वेगळी नव्हती. नाईट करून आल्यावर सकाळी नऊ ते दुपारी तीन झोपायचं. मे महिन्यात ती झोप म्हणजे नुसतं तळमळणं. त्या दिवसांत इंजेक्शनचा डोस भरताना मी दोनदा, तीनदा वाचायचे, स्वतःवर भरवसा राहायचा नाही. चूक झाली नाही. पण मला ती भीती परत नको होती.

आता पर्याय. एसीचा विचार केला, आणि एसीच्या विरोधात मी अजिबात नाही. घरात तान्हं बाळ असेल, हृदयाचा रुग्ण असेल आणि परवडत असेल तर जरूर घ्या. पण वर तापलेला स्लॅब ठेवून एसी लावणं म्हणजे चुलीवरच्या पातेल्यात बर्फ टाकणं. शिवाय मेमध्ये वादळ आलं की आमच्याकडे लाईन जाते ती कधी कधी पहाटेपर्यंत. लाईन गेली की एसी, कूलर, पंखा, सगळं एकदम संपतं. मला असं काहीतरी हवं होतं जे लाईन गेल्यावरही काम करेल.

कूलर आमच्याकडे आहेच, वाळ्याच्या ताट्यांचा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याला तोड नाही, फक्त समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होऊन बसते. पण पहिले ढग आले, हवेत ओल आली की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. आणि टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी केली नाही तर डेंग्यूचे डास घरातच पोसले जातात.

२०२३ ला आम्ही चुना मारला होता, त्याबद्दल चांगलंच बोलेन. ड्रममध्ये रात्रभर चुना भिजवला, सकाळी गाळला, चिकटून राहावा म्हणून फेविकॉल घातला, झाडूसारख्या ब्रशने दोन हात. सगळा खर्च हजार-अकराशे. त्या उन्हाळ्यात खोली नक्की कमी तापली. पण पहिल्या मोठ्या पावसात निम्मा चुना पन्हाळीतून अंगणात आला आणि दर वर्षी ते करायला दोन माणसांचा एक दिवस लागतो. २०२४ ला माझ्या ड्युट्यांमुळे ते राहिलं, आणि पुढे काय झालं ते वर लिहिलंय. ज्यांना जास्त खर्च जमत नाही त्यांनी चुना मारावाच. टिनाच्या घराला तर नक्कीच. अहमदाबादेत २०१७ साली वस्त्यांमधल्या सुमारे ३,००० छतांना पांढरा रंग दिला होता. तेलंगणा सरकारने तर २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं.

आता या कामाबद्दल. पहिला अनुभव वाईट आहे. फेब्रुवारीत एका ठेकेदाराने ६,००० रुपये ॲडव्हान्स घेतले आणि त्याची दोन पोरं दुपारी एकला आली. गच्ची झाडली, धुतली नाही. तापलेल्या स्लॅबवर तसाच रंग फासला. रोलर पुढे सरकेपर्यंत मागचा रंग सुकत होता. तीन आठवड्यांत पन्हाळीजवळचा रंग पापडासारखा सुटला. नखाने उचलला तर तळहाताएवढा तुकडा हातात आला आणि त्याच्या मागच्या बाजूला आमच्या गच्चीची धूळ जशीच्या तशी चिकटलेली. फोन केला तर आधी उद्या येतो, मग फोनच उचलेना. ते पैसे गेले.

दुसरे पेंटरभाऊ ह्यांच्या ओळखीतून मिळाले. ते आधी नुसते गच्ची बघायला आले. गुडघ्यावर बसून बोटाने भेगा चाचपल्या, पाणी कुठे साचतं ते बादलीभर पाणी ओतून पाहिलं. म्हणाले, "ताई, रंगाचं काम एका दिवसाचं आहे, तयारीचं दोन दिवसांचं. तयारीचे पैसे देणार असाल तर करतो." तिथेच माझा विश्वास बसला.

पहिला दिवस जुना सुटलेला रंग खरवडण्यात आणि शेवाळ तारेच्या ब्रशने घासण्यात गेला. मग मोटर लावून गच्ची धुतली आणि पूर्ण वाळू दिली. दुसऱ्या दिवशी भेगा भरल्या, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कोपऱ्यांना जाळीची पट्टी बसवली, प्रायमर मारला. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला पहिला हात, संध्याकाळी ऊन उतरल्यावर दुसरा, चौथ्या दिवशी पहाटे तिसरा. दहाच्या पुढे ब्रश हातात घेतला नाही. २० लिटरच्या दोन बादल्या लागल्या. डब्यावर एसआरआय असा एक आकडा असतो, रंग ऊन किती परतवतो आणि उष्णता किती सोडून देतो ते सांगणारा. ठरावीक काळ्या पृष्ठभागाला ० आणि ठरावीक पांढऱ्याला १०० धरून तो काढतात, चांगल्या मालाचा १०० च्या वरही जातो. तो आकडा ज्या डब्यावर नाही तो साधा पांढरा रंग समजा आणि घेऊ नका.

आमची गच्ची ९०० फूट. पैसे तेवढे नव्हते, आधीचे ६,००० गेले होते. म्हणून दोन बेडरूम आणि स्वयंपाकघरावरचा ६२० फुटांचा भाग केला, हॉलवरचा २८० फूट तसाच सोडला. फुटाला २८ रुपये, म्हणजे १७,३६०, मालासकट. मोठा खर्च आहे, मान्य.

पण हॉल सोडल्याचा एक फायदा झाला. मागच्या वर्षी मेमध्ये अवकाळी पाऊस खूप झाला, त्यामुळे "आधीचा मे आणि नंतरचा मे" अशी तुलना खोटी ठरली असती. आमच्याकडे मात्र एकाच रात्री, एकाच गच्चीखाली, रंग असलेली आणि नसलेली अशा दोन्ही खोल्या होत्या. माझे दीर फ्रीज-एसी दुरुस्तीचं काम करतात, त्यांच्याकडची तापमान मोजायची गन आणली. एप्रिलमध्ये पारा ४४ च्या पुढे गेला होता त्या दिवसांतले हे आकडे वहीत लिहून ठेवलेत. दुपारी दोनला गच्चीचा काळवंडलेला भाग ६२, पांढरा ४५. रात्री दहाला हॉलचं छत आतून ४२, आईंच्या खोलीचं ३६.५. खोलीतली हवा हॉलमध्ये ३७, आईंच्या खोलीत ३३.५, दोन्हीकडे कूलर बंद. छतातला फरक पाच-साडेपाच अंशांचा, हवेतला साडेतीनचा. हवेतला आकडा वाचताना छोटा वाटेल. अंथरुणावर पडल्यावर जो फरक कळतो तो छताचा असतो, कारण तोंडावरची धग जाते.

रात्री बाराच्या सुमारास कूलर लावला की आईंची खोली पहाटे २८ पर्यंत यायची. त्याच कूलरने हॉलमध्ये ३१ च्या खाली कधी नेलं नाही. सगळ्यात मोठी परीक्षा झाली एप्रिलच्या शेवटी, रात्री एक ते पहाटे पाच लाईन नव्हती. आम्ही खिडक्या उघडल्या, आईंच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला, पाणी देत राहिलो. उकडत होतंच, खोटं कशाला सांगू. पण त्यांची नाडी ८८ च्या वर गेली नाही आणि मधले दीड तास त्या झोपल्या. मी मात्र त्यांच्या श्वासाकडे बघत बसले होते.

आणखी एक गोष्ट, जी मोजता येत नाही. दुपारी एकला मी वाळत घातलेले कपडे काढायला गेले आणि निम्म्यात लक्षात आलं की चपला खालीच राहिल्यात. पांढऱ्या भागावर अनवाणी उभी होते. एक पाऊल हॉलवरच्या भागावर टाकून पाहिलं, लगेच मागे घेतलं.

आता तक्रारी. डोळे दिपतात. दुपारी गच्चीवर गॉगलशिवाय उभं राहवत नाही, आणि मागच्या घराच्या वरच्या खिडकीत त्याची तिरीप जाते, त्यांना पडदा लावावा लागला. त्यांच्याशी आधी बोलायला हवं होतं, ते माझं चुकलं. पावसात पृष्ठभाग निसरडा होतो. ऑगस्टमध्ये मुलगा टाकी बघायला गेला आणि आपटला, कोपर सोललं. रंगाच्या शेवटच्या हातात बारीक वाळू मिसळून पायवाटेपुरता खरबरीत पट्टा करून घेता येतो, हे भाऊंनी आम्हाला नंतर सांगितलं. तुम्ही आधीच सांगून करून घ्या. वाळवणाला गच्ची आता मंद पडते. कुरडया पूर्वी एका उन्हात कडक व्हायच्या, आता दुसऱ्या दिवशीचं निम्मं ऊन लागतं. आईंना हे आवडलेलं नाही. थंडीत खोली थोडी जास्त गार राहते, जानेवारीत आईंना दुसरी गोधडी लागली.

आणि धूळ. डाबकी रोडची धूळ बसून पांढरा रंग दिवाळीपर्यंत राखाडी झाला होता. राखाडी झाला की ऊन परतवणं कमी होतं. परवाच्या रविवारी मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने धुतला तर खालून जवळजवळ पहिल्यासारखा निघाला. दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी हे करावंच लागणार. पोपडे कुठे नाहीत, पन्हाळीजवळ सुद्धा नाहीत.

काय होत नाही तेही लिहिते. पश्चिमेची भिंत संध्याकाळी तापते, तिला गच्चीच्या रंगाचा उपयोग नाही. तिथे आम्ही बाहेरून हिरवी जाळी बांधली. जूनच्या दमट रात्री घाम सुकतच नाही, तेव्हा छत थंड असून आराम कमी वाटतो. गळका स्लॅब याने दुरुस्त होत नाही, ते काम वेगळं. आणि खिडक्या सकाळी नऊला बंद आणि बाहेर गार झाल्यावर उघड्या, ही शिस्त पाळली नाही तर निम्मा फायदा जातो.

पाचपैकी चार देईन. एक गुण निसरडेपणाचा आणि तिरिपेचा कापला.

हॉलवरचे २८० फूट येत्या रविवारी करून घेतोय, तेच पेंटरभाऊ. भाव ३१ वर गेलाय, ॲडव्हान्स फक्त मालापुरता दिला. या वेळी खरबरीत पट्टा आणि मागच्यांशी आधी बोलणं, दोन्ही झालंय. आईंनी एकच अट घातली आहे, शनिवारपर्यंत त्यांच्या कुरडया त्या काळ्या भागावर वाळून झाल्या पाहिजेत. चीक आज काढायला घेतलाय.